अण्णांनी शेपूट कापली ते बरोबरच केलं

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ७४ वर्षांचे आहेत. उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सासूबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. त्याच सुमारास माझ्या मुलाला वाढदिवसाला कुणीतरी प्लॅस्टिकचा मॅमथ दिला. मुलगा आता आठवीत आहे, त्याला फुटबॉलशिवाय दुसरं काही सुचत नाही. पण अण्णांनी तो मॅमथ उचलला आणि तिथून हे वेड सुरू झालं. आता त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत चाळीसेक प्राणी आहेत. सगळे जुन्या काळचे, नामशेष झालेले, आणि सगळ्यांची नावं त्यांना पाठ. पेन्शनमधून विकत घेतात, पुण्याच्या भाच्याकडून मागवतात. गेल्या गणपतीत त्यांनी ते सगळे आराशीत मांडले तर पाहुणे हसले. माझ्या मिस्टरांना फार लाजल्यासारखं झालं. मग परवा अण्णांनी एका नव्याकोऱ्या सुळेवाल्या वाघाची शेपूट ब्लेडनं कापून आखूड केली. यांचा पाराच चढला, "चारशे रुपयांची वस्तू आणि ही पोरं करतात तशी मोडतोड!" त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. पावसाळ्यात ट्रंकेतले दोन प्राणी एकमेकांना चिकटले, एकाचे सुळे वाकले, त्याचंही अण्णांना वाईट वाटतंय. मला विचारायचंय ते हे, की म्हातारपणी असं होणं हे डोकं थकल्याचं लक्षण आहे का? आम्ही हे थांबवावं का? कार्तिकात त्यांची पंचाहत्तरी आहे, तेव्हा त्यांना काय द्यावं?
एक सून, राजारामपुरी

ताई,

आधी त्या शेपटीचं सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नांची उत्तरंही तिच्यातच आहेत. अण्णांनी शेपूट कापली ते अगदी बरोबर केलं. लांब सुळ्यांचा तो प्राणी म्हणजे स्मायलोडॉन. त्याला आपण सवयीनं वाघ म्हणतो, पण वाघाशी त्याचं नातं लांबचं आहे आणि त्याची शेपूट चांगलीच आखूड होती. पेटर विल्हेल्म लुंड यांनी ब्राझीलमधल्या गुहांत सापडलेल्या हाडांवरून १८४२ मध्ये त्याचं नामकरण केलं. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डांबराच्या डबक्यांतून त्याची हजारो हाडं निघाली, त्यामुळे त्याच्या शेपटीबद्दल शंकेला जागा नाही. ज्यानं हे खेळणं घडवलं त्याच्या डोळ्यांसमोर पट्टेरी वाघ असणार, म्हणून त्यानं लांब शेपूट लावून दिली. चुकीचा पॅटर्न पुढं जाऊ द्यायचा नाही, ही अण्णांची आयुष्यभराची सवय. हे तुमच्या यजमानांना नक्की सांगा. मोडतोड नव्हती ती, दुरुस्ती होती.

आता डोकं थकल्याची भीती. चाळीस प्राण्यांची नावं पाठ असलेला, नव्या वस्तूतली चूक हेरणारा आणि ती नेमकी सुधारणारा माणूस डोक्यानं ताजातवाना आहे. नेहमीचा रस्ता चुकणं, पैशांचा हिशेब न लागणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, पण त्याचा या प्राण्यांशी संबंध लावू नका. सासूबाई गेल्या आणि त्याच सुमारास हे सुरू झालं, असं तुम्हीच लिहिलंय. घरात बोलायला माणूस उरला नाही तेव्हा त्यांनी हाताला आणि नजरेला काम शोधलं. हे थांबवायचा विचारही मनात आणू नका.

पॅटर्न करणारा माणूस या छंदात पडला की काय होतं, ते तुम्हाला कळायला हवं. फौंड्रीत ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आक्रसतं, साधारण शंभराला एक, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच वेगळी असते. ज्यानं चाळीस वर्षं अशा पट्टीनं मोजलं, त्याला ट्रंकेतला मॅमथ आणि स्मायलोडॉन एकाच उंचीचे दिसले की अन्न गोड लागणार नाही. केसाळ मॅमथ खांद्यापाशी तीनेक मीटर उंच असायचा, मोठा स्मायलोडॉन एक ते सव्वा मीटर. एकास वीस या प्रमाणात मॅमथ १५ सेंटिमीटर भरतो आणि स्मायलोडॉन जेमतेम ५-६. खेळण्यांच्या कंपन्या पूर्वीपासून खोक्याच्या आणि किमतीच्या हिशेबानं सगळे प्राणी एकाच मापाचे करत आल्या. हल्ली काही जण प्रमाण छापतात, पण एकाचं १:२० तर दुसऱ्याचं १:३५ किंवा १:४०. म्हणून अण्णांना माझी पहिली सूचना ही, की एक प्रमाण धरा. त्या प्रमाणात बसतील ते प्राणी एका फळीवर, बाकीचे दुसरीकडे. आणि साडेआठ सेंटिमीटरचा एक लाकडी माणूस त्यांनी स्वतः कोरून १:२० च्या फळीवर उभा करावा. त्या माणसाशेजारी मॅमथ ठेवला की पाहुण्यांचं हसू आपोआप थांबेल, कारण तेव्हा त्यांना पहिल्यांदा त्याचं आकारमान दिसेल.

विकत घेताना काय पाहावं, तेही लिहिते. जर्मनीची श्लाइश आणि बुलीलँड, फ्रान्सची पापो, अमेरिकेची सफारी, शिवाय कलेक्टा, मोजो, स्पेनची इओफॉना ही या छंदातली ओळखीची नावं. अस्सल वस्तूच्या पोटावर किंवा पायाखाली कंपनीचं नाव कोरलेलं असतं, बऱ्याचदा वर्षही असतं. नक्कल केलेल्या मालावर बहुधा ते नसतं आणि बारीक काम पुसट झालेलं असतं. साच्याच्या दोन भागांची जोडरेषा पाठीवर किंवा पायावर कुठं ठळक राहिलीय, हे अण्णांना सांगायला नको. पार्टिंग लाइन कुठं टाकावी यावरच तर त्यांनी भाकरी कमावली. केसाळ मॅमथ असेल तर कान लहान हवेत, शेपूट आखूड हवी, खांद्यावर उंचवटा हवा आणि पाठ मागं उतरती. हे आपल्याला नुसत्या हाडांवरून कळलेलं नाही. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत कातड्याकेसांसकट मॅमथ सापडलेत. यामाल द्वीपकल्पावर २००७ मध्ये सापडलेलं ल्यूबा नावाचं पिल्लू तर झोपल्यासारखं, जवळपास अखंड होतं. आणखी एक गोष्ट अण्णांना आवडेल. शेवटचे मॅमथ उत्तरेकडच्या रँगेल बेटावर सुमारे ४००० वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. म्हणजे आपल्याकडे हडप्पा संस्कृतीची नगरं नांदत होती तेव्हा तिकडे मॅमथ चरत होते.

किमतीचं म्हणाल तर परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. त्यामुळे चांगली वस्तू महाग पडते आणि स्वस्तातल्या नकला बाजारात जास्त दिसतात. चारशे-चारशेच्या पाच नकला घेण्यापेक्षा दोन-तीन महिने थांबून एक चांगली घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पैसे मात्र त्यांचे आहेत, ताई. औषधपाणी आणि घरखर्चातला त्यांचा ठरलेला वाटा निघाल्यावर उरलेल्या पेन्शनचा हिशेब त्यांना विचारू नये.

काही प्राण्यांच्या बाबतीत मात्र अण्णांनी ब्लेड जरा आवरावं. अँड्र्यूसार्कसचं उदाहरण घ्या. मंगोलियाकडच्या मोहिमेत १९२३ मध्ये त्याची एक कवटी मिळाली, ८३ सेंटिमीटर लांबीची. त्या कवटीपलीकडं त्याचं शरीर कुणी पाहिलेलं नाही. पूर्वी लोक त्याला अवाढव्य लांडग्यासारखा करत, आता त्याला पाणघोडे आणि देवमासे यांच्या गोतावळ्यात धरतात, म्हणून नवे कारागीर त्याला रानडुकराच्या अंगानं घडवतात. अशा प्राण्याची जुनी आणि नवी दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवावीत. माणसाची समज कशी बदलत गेली ते त्यात दिसतं, आणि जुनी मूर्ती चुकीची म्हणून टाकून देण्यासारखी नसते. हां, पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन ट्रंकेत असेल तर त्याची फळी वेगळी करा. तो डायनोसॉरच्याही आधीचा, सस्तन प्राण्यांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी, पण सस्तन नव्हे.

आता मला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. कंपन्यांच्या यादीत युरोप-अमेरिकेतल्या हिमयुगाचे प्राणी उदंड असतात. अण्णांच्या ट्रंकेत आपल्या मातीतले किती आहेत, ते एकदा मोजून पाहा. मला वाटतं, फार तर एखाद-दुसरा निघेल. आणि आपल्याकडची संपत्ती तर थक्क करणारी आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतून ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली या दोघांनी १८३० च्या दशकात जीवाश्मांचे ढीग गोळा केले. फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, तर कॉटली कालवे खोदणारे इंजिनिअर, पुढे गंगेचा मोठा कालवा त्यांनीच केला. त्यांनी १८३६ मध्ये जगापुढं मांडलेलं शिवथेरियम हे जिराफाच्या कुळातलं जनावर होतं. खांद्यापाशी सव्वादोन मीटरच्या आसपास, मान आखूड, अंग गव्यासारखं भरलेलं, डोळ्यांवर दोन लहान शिंगं आणि डोक्यामागं दोन मोठी पसरट. त्यांनीच नाव दिलेला स्टेगोडॉन गणेसा नावाचा हत्तीच्या कुळातला प्राणी होता. त्याचे सुळे एकमेकांच्या इतके जवळ होते, की सोंड मधून खाली सोडायला जागाच नव्हती, ती बाजूनं ठेवावी लागे. गणपतीच्या आराशीत हसणाऱ्या पाहुण्यांना पुढच्या वर्षी हा दाखवा.

शिवालिकपर्यंतही जायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला लोक पक्षी बघायला जातात, २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा ठरली. तिथल्या गोदावरीच्या जुन्या गाळात मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचं वर्णन भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. हा पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस. नर्मदेच्या गाळातही तो सापडतो, आणि त्याच्याबरोबर पाणघोडे, स्टेगोडॉन, रानबैल. अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये नर्मदाकाठच्या हथनोऱ्याला प्राचीन माणसाच्या कवटीचा भाग मिळाला तो याच थरांत. हा हत्ती किती मोठा होता? असिएर लारामेंदी यांनी २०१६ च्या अभ्यासात मांडीच्या हाडाच्या एका अपुऱ्या तुकड्यावरून खांद्यापाशी ५.२ मीटर आणि वजन २२ टन असा अंदाज बांधला. हाड अपुरं, म्हणून आकडा अंदाजाचाच. पण तो खरा असेल तर जमिनीवर चाललेल्या सस्तन प्राण्यांत याच्याएवढा मोठा क्वचितच कुणी. याच लारामेंदींचा इओफॉनाशी संबंध आहे आणि त्या कंपनीनं या हत्तीचा युरोपातला भाऊबंद, सरळ सुळ्यांचा हत्ती, १:३५ प्रमाणात काढलाय. अण्णांना परदेशी वस्तू एकच घ्यायची असेल तर ती ही घ्यावी, असं मी सांगेन. बलुचिस्तानच्या बुगटी टेकड्यांतला बिनशिंगाचा महाकाय गेंडा, पॅरासेराथेरियम, त्याचे अवशेषही पहिल्यांदा पिलग्रिम यांनीच १९०८ मध्ये वर्णन केले. खांद्यापाशी ४.८ मीटरच्या आसपास. १:२० मध्ये तो २४ सेंटिमीटरचा होईल, फळी उंच ठेवा.

नातवाला यात ओढायचं असेल तर त्याला देवमाशांची गोष्ट सांगा. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांतून इंडोहायस नावाचं मांजराएवढं, खुरांचं जनावर पुढं आलं. देवमाशांचं ते जवळचं नातेवाईक आहे, हे २००७ मध्ये मांडलं गेलं. आणि कच्छमध्ये पाय असलेल्या देवमाशांचे अवशेष मिळालेत. कोल्हापुरात असं काही सापडेल का, हे तो नक्की विचारेल. नाही सापडणार. जोतिबाचा डोंगर लाव्हाच्या काळ्या दगडाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. पण त्याच लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, तेलंगणातल्या नस्कलला, उंदराएवढ्या डेक्कनोलेस्टिसचे दात मिळाले, ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. अण्णांच्या ट्रंकेतले सगळे मोठे सस्तन प्राणी असल्या चिमुकल्यांनंतरचे.

यातले बरेचसे प्राणी बाजारात मिळत नाहीत, किंवा मिळाले तरी मनासारखे नसतात. मग अण्णांनी ते करावेत. लाकूड कोरणारा हात आहे, माप पक्कं आहे, आणखी काय पाहिजे? आधी शाडूत छोटा नमुना, मग तारेच्या सांगाड्यावर एम-सीलसारखी पुट्टी, वरून अ‍ॅक्रिलिक रंग. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पमध्ये जाऊन बसले तर शाडूचं काम त्यांना दोन दिवसांत हाताशी येईल. तिथली माणसं कारागिराला कारागीर म्हणून ओळखतात. हाडांवर स्नायू कसे बसतात हे बघायला न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेली जनावरं आहेत, आणि दाजीपूरला जिवंत गवा आहे. गव्याच्या खांद्यावरची वाढलेली कड नीट पाहिली की शिवथेरियमचा खांदा कसा करायचा ते त्यांचं त्यांना कळेल. कलापूर म्हणवणाऱ्या या गावात हे काम व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

चिकटलेल्या आणि वाकलेल्या प्राण्यांवर इलाज आहे. हे प्राणी बहुतेक पीव्हीसीचे असतात. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य उष्णतेनं आणि कोंडलेल्या हवेत बाहेर येतं, मग वस्तू चिकट होतात. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, जुना मऊ टूथब्रश, आणि सावलीत वाळवणं. थिनर किंवा नेलपॉलिश पुसायचं औषध अजिबात नको, रंगच निघेल. वाकलेले सुळे चांगल्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून हातानं सरळ करायचे आणि तसेच धरून गार पाण्यात घालायचे. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकल्या असतील तर आजच काढा, त्यांची वाफ प्लॅस्टिकला बाधते. खरं तर ती ट्रंकच काढा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पत्र्याच्या बंद डब्यापेक्षा वारा खेळणारी उघडी फळी बरी. ऊन थेट पडणार नाही अशी भिंत निवडा.

यजमानांबद्दल. त्यांना लाज वाटते ती पाहुण्यांची, आणि ती वाटते कारण वस्तू ट्रंकेत दडवून ठेवलेल्या आहेत, फक्त सणाला बाहेर येतात. जे रोज हॉलमध्ये दिसतं, नावागावासकट मांडलेलं असतं, त्याची लाज वाटत नाही. त्यांना अण्णांशी बोलायला लावण्यासाठी मध्ये तुम्ही पडू नका. फळ्या ठोकायचं काम त्या दोघांवर सोपवा. ड्रिल मुलाच्या हातात, माप बापाच्या हातात. त्यात बोलणं होतंच.

म्हणून पंचाहत्तरीला आणखी एक प्राणी देऊ नका, तो त्यांचा त्यांना निवडू द्या. काचेच्या सरकत्या दारांचं, कमी खोलीचं, आतल्या फळ्या वरखाली करता येतील असं कपाट करून द्या. एक फळी तीस सेंटिमीटर उंच ठेवा, आणि दारांच्या कडांना हवेसाठी फट राहू द्या. प्रत्येक प्राण्याखाली पट्टी हवी. नाव, काळ, कुठं सापडला आणि प्रमाण, एवढं पुरे. अक्षर नातवाचं असावं. जमलं तर थंडीत चौघं मिळून कोलकात्याला जा, तिथल्या इंडियन म्युझियममध्ये शिवालिकच्या जीवाश्मांचं दालन आहे. हिमाचलात सिरमौर जिल्ह्यात साकेतीला जीवाश्म उद्यानही आहे, १९७४ मध्ये सुरू झालेलं, पूर्ण आकाराच्या प्रतिकृतींचं. पण आधी कोलकाता, कारण अण्णांना मूळ हाडं पाहायला मिळायला हवीत. निघताना त्यांची मोजपट्टी आणि वही पिशवीत टाकायला विसरू नका, आणि त्या दालनासाठी अख्खा दिवस मोकळा ठेवा.